चुकीचा पत्ता

सोबत मंडळाचा नियम साधा होता. ज्या म्हाताऱ्यांचे पाय अजून चालतात, त्यांनी घरात बसलेल्यांना बाहेर काढायचं. सरोजिनीबाई पेठ्यांनी आजवर चारपाच जणांना काढलं होतं, त्यामुळे त्यांची मान जरा ताठच असायची. मग त्यांच्या वाट्याला आले गोपाळकृष्ण आगटे.

आगटे निवृत्त पोस्टमास्तर. कोथरूडला कर्वे पुतळ्याजवळ पहिल्या मजल्यावर राहायचे आणि बायको गेल्यापासून जिना उतरले नव्हते. मुलगी अपेक्षा हिंजवडीत सॉफ्टवेअर कंपनीत. कंपनी तिला वर्षभरासाठी अमेरिकेला पाठवत होती. पण बाबा असे खिडकीत बसून असताना मी जाणार नाही, असं ती म्हणत होती. महिनाअखेरीला कंपनीला उत्तर द्यायचं होतं.

पहिल्या भेटीत आगट्यांनी दाराची साखळीसुद्धा काढली नाही. सरोजिनीबाईंनी हास्यक्लब, भजन, बागेतली चक्कर, सगळं सांगून पाहिलं. हसण्यासारखं काही घडलं तर मी घरीच हसेन, असं म्हणून त्यांनी दार लावून घेतलं.

सरोजिनीबाईंना राग आला, आणि रागात त्यांचं डोकं फार छान चालतं. ज्याची उभी हयात पत्ते वाचण्यात गेली, त्याला काय सहन होणार नाही हे त्यांनी हेरलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या आगट्यांच्या खिडकीखाली, फाटकाशी उभ्या राहिल्या. ठरल्याप्रमाणे मंडळाचे रंगराव परगावचे पाहुणे बनून आले आणि डहाणूकर कॉलनीचा रस्ता विचारू लागले. सरोजिनीबाईंनी त्यांना खणखणीत आवाजात पौड फाट्याकडे, म्हणजे बरोबर उलट्या दिशेला धाडलं.

खिडकी धाडकन उघडली. "अहो, त्या बाईंचं ऐकू नका. मागे फिरा."

मासा गळाला लागला म्हणून सरोजिनीबाई खूश झाल्या. पण मासा खिडकीतच राहिला. रोज संध्याकाळी त्या कुणाला तरी भलतीकडे पाठवायच्या, आगटे वरून चूक काढायचे, वर दोन टोमणे मारायचे, आणि खिडकी बंद व्हायची. महिना संपत आला. अपेक्षाने नकाराची मेल लिहून ठेवली.

त्या दिवशी रंगरावांऐवजी त्यांच्या वहिनी हातात पिशवी घेऊन येणार होत्या. पिशवीवाल्या बाई आल्या, पत्ता विचारला, सरोजिनीबाईंनी उत्साहाने चुकीचा सांगितला. आगटे वरून ओरडले, पण बाईंना नीट ऐकू येत नसावं. दिसली ती रिक्षा करून त्या निघूनही गेल्या. तेवढ्यात कोपऱ्यावरून रंगरावांच्या वहिनी पिशवी सावरत येताना दिसल्या.

मघाच्या बाई खरंच पत्ता शोधत होत्या, हे सरोजिनीबाईंच्या लक्षात आलं. त्यांनी वर पाहिलं तर खिडकीत कुणी नव्हतं. आगटे जिना उतरत होते, लेंगा-बनियनवर, एका पायात चप्पल आणि दुसऱ्यात सपात. सरोजिनीबाईंकडे न बघता त्यांनी रिक्षा थांबवली आणि मागोमाग गेले.

ते परतले तेव्हा दिवे लागले होते. सरोजिनीबाई फाटकाशीच उभ्या होत्या, अपेक्षाही ऑफिसातून येऊन शेजारी उभी होती. वेणूबाई नावाच्या त्या बाईंना पौड फाट्यावर गाठून आगट्यांनी त्यांच्या लेकीच्या दारात नेऊन सोडलं होतं. तिथे आग्रह झाला म्हणून पोहे खाऊन आले होते. सरोजिनीबाईंनी मान खाली घालून सगळं नाटक कबूल केलं.

"ते पहिल्याच आठवड्यात कळलं," आगटे म्हणाले. "तुमचे रंगराव तीनदा आले, दर वेळी टोपी बदलून. पत्ता तोच."

"मग खाली का नाही आलात?"

आगट्यांनी पायातल्या त्या विजोड जोडीकडे पाहिलं. "आलो असतो तर तुमचं काम झालं असतं. मग तुम्ही दुसऱ्या कुणाच्या तरी खिडकीखाली गेला असतात."

आजवर ज्या चारपाच जणांना आपण बाहेर काढलं, त्यांच्याकडे नंतर एकदाही फिरकलो नाही, हे सरोजिनीबाईंना तिथेच उभ्या उभ्या आठवलं.

"उद्या मला बऱ्याच घरी जायचंय," त्या म्हणाल्या. "पत्ते नीट आठवत नाहीत. बरोबर याल?"

"चप्पल घालून येतो," आगटे म्हणाले, आणि अपेक्षाला त्यांनी ती मेल पुसून टाकायला सांगितली.