कॅप्टनच्या धडावर डूफान

"काका, मुलगी लेफ्टनंट करू की कॅप्टन?" बॅनर छापणाऱ्या तेरहेंबाने विचारलं. कॉम्प्युटरवर दोन्ही धडं तयार होती. कडक इस्त्री, छातीवर पदकं. फक्त चेहरा बसवायचा बाकी.

"करायचीच तर कॅप्टन कर," आकोसू म्हणाला. "हात आखडता कशाला?"

मकुर्डी शहरात पोरगा औषधांच्या दुकानात लागला तरी त्याला डॉक्टरचा कोट चढवून अभिनंदनाचं बॅनर निघतं. आकोसूची पोरगी तर सैनिकी कॉलेजात निवडली गेली होती. तो स्वतः सव्वीस वर्षं पाणीपुरवठ्याचे पंप चालवत होता. तरुणपणी फौजेच्या भरतीत दोन बोटं उंची कमी पडली म्हणून परत आला, आणि ती दोन बोटं त्याला अजून सलत होती.

बॅनर पाहताच डूफानचा चेहरा पडला.

"बाबा, हे कुठे टाकू नका. कॉलेजने पत्रात बजावलंय. गणवेशातला फोटो नको, पत्र नको, रुजू व्हायची तारीख नको. नेटवर काही म्हणजे काही नाही. खाली तुमची सही आहे."

"सह्या काय गं, शंभर ठिकाणी करतो आपण."

"नावपट्टी तरी बघा. हे धड कुणातरी खऱ्याखुऱ्या कॅप्टनचं आहे."

"बरं बाई, नाही टाकत. झालं समाधान?"

ती आंघोळीला गेली तेवढ्यात त्याने बॅनरचा फोटो गावकीच्या ग्रुपवर टाकला. कुणी थापा म्हणू नये म्हणून सोबत पत्रही. सगळी आपलीच माणसं, त्यात काय एवढं! तासाभरात दोनशे अभिनंदनं आली. भरतीच्या वेळी दात काढून हसलेल्या चुलतभावानेही 'मानलं बुवा' असं लिहिलं. आपल्या माणसांनी तो फोटो आणखी आपल्या माणसांना पाठवला. आकोसू दिवसभर पंपापाशी शीळ घालत होता.

डूफान कॉलेजात गेली आणि अकराव्या दिवशी परत आली. केस बारीक कापलेले होते.

"मेजरसाहेबांनी फोटो समोर ठेवला," ती म्हणाली. "कुणी टाकला, विचारलं. मी म्हटलं, मी."

"माझं नाव का नाही सांगितलंस?"

"त्या कॅप्टनने तक्रार केलीय. तुमचं नाव घेतलं असतं तर पोलिसांनी तुम्हाला उचललं असतं. माझं नुसतं कॉलेजातून नाव काढून टाकण्यावर भागलं."

ती ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती आत जाऊन येमचे कंद आणि सुरी घेऊन आली, आणि ओट्यावर सोलायला बसली.

शेजारची इवेरेन कुंपणापाशी आली. "काय गं, एवढ्यात सुट्टी?"

"डोळे कमी पडले, काकू. तपासणीत नापास झाले."

"अगंबाई! आणि काय रे आकोसू, तुला घरात इतकी वर्षं कळलं नाही होय?"

आता तरी खरं बोलावं, असं आकोसूला मनापासून वाटलं. पण संध्याकाळपर्यंत ते सगळ्या गावकीला कळलं असतं, त्या चुलतभावालाही. त्याने घसा साफ केला.

"लहानपणापासूनच अधू आहे तिची नजर," तो म्हणाला.

डूफानने मान वर केली नाही. कंदाची साल काढून तिने दुसरा कंद घेतला.