लाल शाईची माया

घरातली धाकटी कॉलेजात गेली तेव्हा अभ्यासाला काही ती भ्याली नव्हती. भ्यायचं कशाला? शाळेच्या विशेष तुकडीने तिला असं रगडून काढलं होतं की कॉलेजचे निबंध म्हणजे डाव्या हातचा मळ. बाकीची पोरं संदर्भांच्या नावाने रडत बसायची आणि ही संध्याकाळीच मोकळी. आता मोकळं होऊन करायचं काय, हे मात्र तुकडीत कुणी शिकवलं नव्हतं.

त्या तुकडीची एक रीत होती. निबंध झाला की शेजारणीला द्यायचा आणि तिने लाल शाईने त्यातली खोट काढायची. लिहिणारीने तोंड वाकडं करायचं नाही, एवढंच म्हणायचं, "मान्य. पुढचं?" इतिहासाच्या बाई तर कागद नुसता रक्तबंबाळ करून परत देत, आणि ज्याचा कागद जास्त लाल तो दिवसभर ऐटीत फिरे. कारण ज्याच्या नावाने बाईंनी आंघोळ केली, त्याचा कागद कोरा यायचा. "पुढचं काही नाही," म्हणून बाई पुढच्या बाकाकडे वळायच्या. ते ऐकलेलं पोर थोड्याच दिवसांत तुकडीतून नाहीसं व्हायचं.

वसतिगृहात धाकटीच्या खोलीत एक बडबडी मुलगी होती. सगळे तिला चिमणी म्हणत. धाकटीला स्वतःहून बोलायला जमत नसे, पण चिमणीचं ऐकायला फार आवडे. अख्ख्या कॉलेजात तिला "जेवायला चल" म्हणणारं तेवढं एकच माणूस होतं.

एक दिवस चिमणीने काही पानं तिच्यापुढे धरली. "आजोबा गेले ना, त्यांच्यावर लिहिलंय. कॉलेजच्या अंकाला देणार आहे. वाचून सांग ना कसं वाटतंय."

धाकटीला भरून आलं. इतका विश्वास तिच्यावर कुणी टाकला नव्हता. संध्याकाळभर मान मोडून ती बसली आणि एकही ओळ सोडली नाही. 'आजोबांइतकी माया मला कुणीच लावली नाही' या वाक्यासमोर समासात तिने लाल शाईने लिहिलं, 'पुरावा?' धन्य ती पोरगी. जीव लावायचा म्हणजे असाच, हेच तिला ठाऊक होतं.

चिमणीने पानं पाहिली आणि घडी घालून ठेवून दिली. मग ती जेवायलाही एकटीच जाऊ लागली. तिने खोली बदलून मागितल्याचं धाकटीला कळलं ते वॉर्डनबाईंकडून.

त्याच दिवशी धाकटीचा पहिला निबंध परत आला. वर्गात सगळ्यात जास्त गुण, आणि पानांवर लाल टिंबसुद्धा नाही. तिने पानं उलटीसुलटी करून पाहिली. कुणी वाचलंच नाही आपल्याला, असं तिला वाटलं. हे सांगायला जगात एकच जागा होती, म्हणून ती तडक खोलीवर आली. जाऊ नकोस म्हणायचं, हेही तिने वाटेत ठरवलं होतं.

चिमणी कपडे भरत होती. धाकटी दारातच थांबली. शेवटी चिमणीच म्हणाली, "तुला ना, माणसाशी कसं वागावं ते कळत नाही."

"मान्य," धाकटी घाईघाईने म्हणाली. तिला एकदम बरं वाटलं. कुणीतरी तिची चूक काढत होतं. ती पलंगाच्या कडेवर येऊन बसली आणि तिने विचारलं, "पुढचं?"

चिमणीने तिच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता, थकवा होता. तिने बॅगेची चेन ओढली.

"पुढचं काही नाही," ती म्हणाली आणि जाताना दार हलकेच लावून घेतलं.

धाकटीने हातातला निबंध त्या रिकाम्या पलंगावर ठेवला. शाळेत हे ऐकून निघून गेलेली पोरं कुठे जात असतील, असा प्रश्न तिला त्या दिवशी पहिल्यांदा पडला.