नुमातांची गाडी

"पुढचं चाक, ठीक!" माझे वरिष्ठ नुमातासान गाडीखालून बोट रोखून ओरडले. रुळांमधल्या तपासणीच्या खड्ड्याच्या काठावरून मीही तेच ओरडलो आणि वहीत खूण केली. आमच्या रेल्वे डेपोत नुसतं पाहून भागत नाही. एकाने बोट दाखवून मोठ्याने सांगायचं, दुसऱ्याने तेच परत म्हणायचं, मगच ते लिहायचं.

उद्या या डिझेल एक्सप्रेसची शेवटची फेरी. छत्तीस वर्षं नुमातांनी ती सांभाळली, पण त्यांची बायको किनुए तिच्यात एकदाही बसली नव्हती. तिचं न्हाव्याचं दुकान फक्त सोमवारी बंद, आणि सोमवारी नेमकी यांची पाळी. उद्याच्या सोमवारची सुट्टी त्यांनी महिनाभर आधीच मागून घेतली होती. तिसऱ्या डब्यात खिडकीजवळच्या दोन जागाही.

त्याच डब्याखाली हातोडी खणखणीत न वाजता बद्द वाजली. त्यांनी पुन्हा ठोकून पाहिलं. चाकांच्या सांगाड्याला केसाएवढी चीर होती. सुटे भाग कधीच संपलेले. आता गाडी थांबली की कायमची.

"एकच फेरी आहे रे," ते हळूच म्हणाले. "तुला काही ऐकू आलं?"

"छे, काहीच नाही."

मी धडधडीत खोटं बोललो. भलतंच होतं ते, पण त्या क्षणी मला दुसरं सुचलं नाही.

"मग झालं तर." 'ठीक' म्हणायला त्यांनी मन घट्ट केलं, बोट रोखलं आणि ओरडले, "तिसरा डबा, डावीकडे चीर!"

ते स्वतःच दचकले. बोट रोखल्यावर खोटं बोलायची त्या तोंडाला सवयच नव्हती. आवाज डेपोभर गेला, सगळ्यांनी माना वळवल्या. आता मलाही ओरडणं भाग होतं. ओरडलो.

"गाढव आहे मी," म्हणत ते खड्ड्यातच बसले.

सोमवारी त्याच वेळेला जुनीच्या जागी नवी गाडी लागली. मी दोघांना निरोप द्यायला स्टेशनवर गेलो होतो. किनुएबाई नवा स्कार्फ बांधून आल्या होत्या. त्यांना कसं सांगावं हे न कळून नुमातांनी काहीच सांगितलं नव्हतं.

"अगबाई, आवाज म्हणून नाही!" डब्याच्या दाराशी उभ्या राहून त्या मला म्हणाल्या. "आणि घरी येऊन रोज इंजिनाच्या नावाने कुरकुर! बघा हो, किती छान ठेवलीय यांनी."

नुमातांनी माझ्याकडे पाहायचं टाळलं.

"हो," ते म्हणाले. "चढ आता, सांभाळून."