दुम् अडवणारा कपॅसिटर

मित्रांनो, मी एक जुना कपॅसिटर आहे. हरभऱ्याच्या डाळीएवढा, दोन बारीक पायांचा. आवाजाच्या वाटेवर बसवले, तर मोठ्या किमतीचा, म्हणजे जास्त वीज साठवणारा, कपॅसिटर खोल नादही पुढे जाऊ देतो. माझ्यासारखा लहान फक्त वरचे, बारीक आवाज सोडतो. त्यात माझा दोष नाही. मी तसाच घडवला गेलो.

अलेक्झांड्रियातल्या एका दुकानात मी पत्र्याच्या डब्यात पडून होतो. तिथल्या अरबी लिपीत शून्य म्हणजे नुसता ठिपका. डब्यावर ठिपका, स्वल्पविराम आणि मग एक असे लिहिले होते. म्हणजे एकाचा दहावा भाग. हात लागून लागून ठिपका आणि स्वल्पविराम पुसले गेले. उरला एक. दुकानात आलेल्या इब्तिहालला एक किमतीचाच हवा होता, तिने मला उचलले. माझ्या पोटावर खरी किंमत छापली होती. ती तिने वाचली नाही.

ती घरी ॲम्प्लिफायर जोडत होती. धाकट्या बहिणीचे, विसालचे, गुरुवारी लग्न होते; तिथे नवरी ढोलाच्या ठेक्यावर जिना उतरते. त्यांचे वडील, शहाता, आयुष्यभर वरातींत दरबुका, म्हणजे हातांनी वाजवायचा छोटा ढोल, वाजवत आले. आजारपणानंतर त्यांचा हात थरथरू लागला. पण त्यांच्या वादनाची एक जुनी टेप होती. विसालचे एकच म्हणणे : "जिना उतरेन तर बाबांच्या ठेक्यावर. नाहीतर वाजंत्रीविनाच उतरेन."

टेप लावली. शहाता ऐकत राहिले.

"तक्, तक्, तक्. पोरी, हा माझा दरबुका, की कोंबडी दाणे टिपतेय?"

"टेप जुनी आहे, बाबा."

"मीही जुनाच आहे. पण मधला, घुमणारा दुम् कुठे गेला? आणि ही मागे शिट्टी कोण मारतंय? नवरी काय शिट्टीवर उतरणार?"

विसाल आत निघून गेली.

इब्तिहालने स्पीकर तपासला, तारा तपासल्या. शेवटी मला उपटून मीटरला लावले.

"बाबा, हा एक नाहीच. दहावा भाग आहे."

"दुकानदारानं टोपी घातली तुला."

"नाही. डब्यावरचा ठिपका पुसला असेल. मी याच्या अंगावर बघायला हवं होतं."

माझ्या जागी दहापट मोठा कपॅसिटर आला आणि दुम् घुमला. शिट्टी मात्र गेली नाही. मी टेबलावर पडून होतो. इब्तिहालच्या वर्षाच्या मुलीने मला मुठीत धरले आणि मूठ तोंडाकडे नेली. बोलता बोलताच इब्तिहालने ती मूठ उघडली आणि माझ्याकडे पाहत राहिली.

"आयसीला वीज येते त्या पायांशी असाच लावायचा होता की. गरज नाही म्हणून मी सोडून दिला."

तिने मला आयसीच्या, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या चिपच्या, अगदी जवळ बसवले. शिट्टी थांबली. तेव्हापासून मी तिथेच आहे.

मित्रांनो, आमची किंमत डब्यावरून ठरवू नका, आमच्या अंगावर वाचा. आणि काढलेला कपॅसिटर टेबलावर उघडा टाकू नका. घरात लहान मूल असते.

गुरुवारी ॲम्प्लिफायरच्या पेटीचे झाकण बंद होते, त्यामुळे मी काही पाहिले नाही. दुम् माझ्यातून गेला नाही, तो जाणारही नव्हता. मी बसलो होतो ती सर्किटची पाटी थरथरली, एवढे कळले. मग जिन्याखालून शहातांचा आवाज आला :

"हळू उतर, पोरी. वाजतोय तो माझा हात आहे. तुला सोडून पुढे नाही जायचा."