नवव्या दिवसाची डोकेदुखी

"अहो, डोकं परत ठणकायला लागलंय," बायको म्हणाली. मिस्त्री खाटेशेजारच्या स्टुलावर बसून तिची उशी सारखी करत होते.

"ठणकू दे गं. दुरुस्तीनंतर मशीनसुद्धा दोन दिवस कुरकुरतंच."

शिलाई मशीनं दुरुस्त करण्यात मिस्त्रींची एकतीस वर्षं गेली होती. दुकानात परत तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येकीला ते हेच सांगत, आणि निम्म्या तक्रारी आपोआप मिटत. नऊ दिवसांपूर्वी तापाच्या भरात बायको स्वतःच्याच घरात स्वयंपाकघर शोधत फिरली, मग तिला आकडी आली. विषाणूमुळे मेंदूला सूज आली आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं. शिरेतून औषध सुरू झालं, ताप उतरला आणि परवापासून बाईसाहेबांच्या तोंडाचा पट्टाही पूर्ववत सुरू झाला. शेजारच्या खाटेवरच्या आजींच्या तिन्ही सुना तिला एव्हाना तोंडपाठ होत्या. गल्ली तिला 'रेडिओ' म्हणायची ते उगाच नाही. मिस्त्री मुळातच घुमे. घरात त्यांच्या वाटणीचंही तीच बोलत आली होती.

"सिस्टरना सांगू का?" त्यांनी थोड्या वेळाने विचारलं.

"नको हो. पुढच्या आठवड्यात सोडणार म्हणालेत. उगाच मुक्काम वाढवतील."

तिला घरी न्यायची मिस्त्रींनाही घाई झाली होती. ते स्टुलावरून उठले नाहीत.

दुपारी सिस्टर गोळी घेऊन आल्या. बायकोने उजवा हात पुढे केला आणि तो अर्ध्यावरच गळून पडला. तिने नवऱ्याकडे पाहिलं, ओठ हलवले, पण शब्द काही फुटला नाही. गोळी तिथेच टाकून सिस्टर डॉक्टरांना बोलवायला धावल्या.

"जिथे सूज होती, तिथल्या रक्तवाहिन्या नाजूक झाल्या होत्या," स्कॅन पाहून डॉक्टरबाई म्हणाल्या. "तिथे रक्तस्राव झालाय. या आजारात क्वचित होतं असं. लगेच ऑपरेशन करावं लागेल. डोकं कधीपासून दुखत होतं?"

'आत्ताच' म्हटलं असतं, तर कुणाच्या बापाला कळलं नसतं.

"सकाळपासून," मिस्त्री म्हणाले. "मीच म्हटलं, ठणकू दे. तेव्हाच सांगितलं असतं तर?"

"ते आता कुणालाच सांगता येणार नाही, काका," असं म्हणत त्या निघूनही गेल्या.

बायको वाचली. जिवावरचं बोटावर निभावलं, असं भेटायला येणारे म्हणत. त्यांचं काय जातंय म्हणायला! उजवा हात लुळा पडला होता आणि वाचा गेली होती. समजायचं तिला सगळं. "तिच्याशी सतत बोलत राहा," असं व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं, आणि घुम्या मिस्त्रींची पंचाईत झाली. बोलायचं तरी काय? मग ते दुकानात गिऱ्हाइकांना खोदून खोदून विचारू लागले. कुणाच्या मुलीचं कुठे जमलं, कुणाची जाऊ रुसून बसली. म्हाताऱ्याला हे काय नवीनच, म्हणून बायका हसत. संध्याकाळी ते सगळं घरी येऊन ओतत. ती डोळे बारीक करून ऐकायची आणि काही खोटं वाटलं की नकाराची मान हलवायची.

सगळं सांगून झालं होतं. एकच गोष्ट राहिली होती.

एका रविवारी सकाळी मिस्त्री तिचा उजवा हात मांडीवर घेऊन नखं कापत होते.

"त्या दिवशी तू मला सांगितलं होतंस," ते खाली बघतच म्हणाले. "मी मशीनची गोष्ट सांगत बसलो. डॉक्टरांना कबूल केलं, पण तुला सांगायचा धीर झाला नाही. माझं चुकलं गं. मी तेव्हाच उठलो असतो, तर आज तू…"

तिने डावा हात उचलून त्यांच्या तोंडावर ठेवला. तरीही ते तळव्याआडून बोलतच राहिले, तेव्हा तिने हात आणखी घट्ट दाबला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण राग नव्हता. बऱ्याच वेळाने ते गप्प झाले.

मग तिने तोंडावरचा हात काढला, त्याच हाताने आपला लुळा उजवा हात उचलला आणि पुन्हा त्यांच्या मांडीवर नीट ठेवला. दोन नखं कापायची राहिली होती.