गोपीचा धाकटा भाऊ

अमडापूरच्या बाजारात, मिरचीवाल्यांच्या ओळीसमोर, पंजाबरावाचा भोंगा बोलता बोलता बंद पडला. बॅटरी उतरली म्हणावं तर ती कालच चिखलीहून भरून आणलेली. छकडा हाकणाऱ्या गुलाबरावानं मागं वळून पाहिलं. भोंगा शाबूत होता. पंजाबरावच गप्प झाला होता.

"काय झालं, भाऊ? ठसका लागला काय?"

"नाही."

"मंग म्हन ना पुढचं. मालकानं सांगतलं नाही काय तुले? मेलेला गोपी परत आला, असं म्हनाले लावलं त्याइनं."

"म्हनतो. चाल पुढं."

छकडा पुढं गेला, पण पंजाबराव काही ते म्हणाला नाही. कॅप्टन दिलेर म्हणाला, चार विमानं म्हणाला, पाण्याखालून धावणारी मोटारही म्हणाला. 'रेशमी दस्ताना' या गाजलेल्या खेळाचा पुढचा भाग, 'फिर रेशमी दस्ताना', आज रात्री आपल्या तंबूत, हेही चार वेळा सांगून झालं. गोपीचं नाव मात्र त्याच्या तोंडातून निघालं नाही.

हिंमतरावांच्या टुरिंग टॉकीजमध्ये पंजाबराव पुकाऱ्या होता. दिवसा छकड्यावरून गावोगाव पुकारायचं आणि रात्री तंबूत माईकपाशी बसायचं, असं त्याचं काम. टॉकीजकडे मशीन एकच. त्यामुळं एक रीळ संपलं की दिवा लागायचा, आणि ऑपरेटर दयाराम दुसरं चढवेपर्यंत लोकांना धरून ठेवायचं पंजाबरावाकडे असे. मागं काय झालं, पुढं काय व्हायचंय, हिंदीत कोण काय बोललं, हे तो सांगे. म्हाताऱ्या बायांना तर पडद्यापेक्षा त्याचंच जास्त कळायचं.

न पाहिलेला सिनेमा त्यानं कधी पुकारला नाही. चांगला असेल तर चांगला म्हणे. टाकाऊ असेल तर "गाने बरे हायेत" एवढंच म्हणे, आणि लोक काय ते समजून घेत. मालकाच्या हे ध्यानात यायला बरीच वर्षं लागली, तोवर पंजाबरावाचा शब्द पंचक्रोशीत पक्का झाला होता.

हा दुसरा भाग त्यानं आठवड्यापूर्वी चिखलीत पाहिला होता आणि पाहताना त्याचं डोकं तापलं होतं. कॅप्टन दिलेर रेल्वेच्या टपावरून फटफटी उडवतो ती थेट विमानात. त्याच्या फाउंटन पेनातून तोफगोळा निघतो. हिरॉइनच्या अंबाड्यात वायरलेस. दुश्मनाच्या गादीखाली मगरींचा हौद, आणि मगरी अशा की त्यांच्या पाठीवर पाय देऊन कॅप्टन गाणं म्हणत पलीकडे जातो. त्यानं डोंगराला पाठ टेकली तर डोंगर हलला. पण पंजाबरावाचं खरं दुखणं निराळंच होतं. पहिल्या भागात माणूस पडला की त्याला लागायचं. कॅप्टनच्या दंडाला गोळी लागली तर तो तीन रिळं झोळीत हात घालून फिरला होता. या भागात कोणाला काही लागतच नव्हतं. शंभर माणसं मेली तरी कोटाची इस्त्री मोडत नव्हती. आणि त्यावर कळस म्हणजे गोपी.

गोपी हा कॅप्टनचा जिवाभावाचा दोस्त. पहिल्या भागात तो सरहद्दीवरचा पूल उडवताना पुलासकट उडाला होता. तो खेळ अमडापुरात लागला तेव्हा पंजाबरावाचा मुलगा सुखदेव जाऊन वर्ष उलटलं होतं. सुखदेव पलटणीत होता. पासष्टच्या लढाईत कुठल्याशा कालव्याकाठी तो गेला, पण देह सापडला नाही. आधी बेपत्ता असल्याची तार आली, मग मृत समजावं असं कळवलं. जनकाबाई, त्याची आई, तिथंच अडून बसली. समजा म्हणतात, मेला म्हणत नाहीत. तिच्या डोळ्यातून टिपूस आलं नाही. सकाळची चिखलीची एसटी वळणावर हॉर्न द्यायची, की हातातलं काम टाकून ती स्टँडवर जाऊन उभी राहायची. पंजाबरावाला याचा राग यायचा. लोक पाहतात म्हणून यायचा, असं तो म्हणे.

मग तिनं गोपीला मरताना पाहिलं. बायांच्या बाजूला, कनातीला टेकून, ती अशी रडली की दयारामला मशीन थांबवावं लागलं. त्यानंतर ती स्टँडवर जायची थांबली. हॉर्न वाजला की दारापर्यंत यायची, धूळ पाहायची आणि परत फिरायची. यंदा तर सुनेचं दुसरं लग्न लावून द्यायला तिनंच होकार भरला. सुलतानपूरचा कचरू, शिलाईकाम करणारा, बायको बाळंतपणात गेलेली. माणूस शांत. येत्या रविवारी विहारात लग्न ठरलं होतं.

आणि शेजारची कोकिळा चिखलीला मावशीकडे जाऊन सिनेमा पाहून आली. गोपी मेलाच नव्हता, नदीनं वाहत गेला अन् वाचला, हे तिनं हरखून जनकाबाईला सांगितलं. दुसऱ्या दिवशी हॉर्न वाजला तशी जनकाबाई पुन्हा स्टँडवर. आल्यावर म्हणाली, "रविवारचं थोडं लांबवू. पाव्हण्यायले सांगा, उन्हाळ्यात पाहू."

पंजाबराव खवळला. "एका सिनेम्यापायी?"

"सिनेमा तुमीच पुकारता ना? मले पाहू द्या."

सून चांगुणा आतून ऐकत होती. संध्याकाळी पाण्याचा गडवा देताना ती हळूच म्हणाली, "मामाजी, मले घाई नाही. आत्याबाईले सोडून जा म्हटलं तं जीव तुटते माहा. पन एकदाच काय थे ठरवा. रोज पेटी भरू अन् रोज उपसू काय?"

ते त्याच्या काळजात रुतलं. पोरीचं वय बावीस. सुखदेवच्या वाटणीचं तिनं सगळं सोसलं, आता तिला एक घर मिळत होतं, आणि ते एका मगरीवरून चालणाऱ्या कॅप्टनपायी हातचं जाणार होतं.

बाजारातून तो थेट तंबूत आला. दयाराम मशीन पुसत होता.

"दयाराम, आठवं रीळ आज लावू नोको."

दयाराम हसला. रीळ गाळणं काही नवं नव्हतं, उशीर झाला की मालक स्वतःच एखादं गाळायला सांगत. "आठव्यातच तं गोपी येते. थो कसा वाचला थे त्याच्यातच हाय. लोकायले समजन कसं बे?"

"या सिनेम्यात? सातव्याच्या शेवटी कॅप्टन हौदात लटकलेला हाय. नवव्यात फटफटीवर हाय. मधात काय झालं थे कोनी इचारनार हाय काय?"

दयारामनं फडकं खाली ठेवलं. "नाही इचारनार," तो म्हणाला. मग त्याचा हसरा चेहरा बदलला. जनकाबाई त्या दिवशी कशी रडली, हे त्यानंच मशीनमागून पाहिलं होतं. त्यानं आठव्या रिळाचा डबा उचलला आणि बाकाखाली सरकवला.

रात्री तंबू गच्च भरला. बायांच्या बाजूला जनकाबाई पुढंच बसली होती, शेजारी चांगुणा, पलीकडे कोकिळा. पंजाबराव माईकपाशी बसला, पण त्याचं बूड टेकत नव्हतं. दोनदा उठून तो पाणी पिऊन आला. पडद्यावर पेनातून गोळा सुटला तशा शिट्ट्या झाल्या. सातवं रीळ संपलं. कॅप्टन मगरींवर लटकत राहिला आणि दिवा लागला.

पंजाबरावानं माईक उचलला.

"तं मंडळी, कॅप्टन त्याच्यातून सुटते. कसा सुटते थे त्याचं त्याले माहीत." लोक हसले. "आता तुमाले एक जवान दिसन. तोंडावळा गोपीवानी हाय, पन गोपी नोहे. गोपी पुलावर गेला, तुमी समद्याइनं पाह्यला. हा त्याचा धाकटा भाऊ. भावाचं राह्यलेलं काम कराले आला."

नववं रीळ सुरू झालं. फटफटीवर कॅप्टन, मागं गोपी. हौदाचं कोणी विचारलं नाही. पण दुसऱ्याच मिनिटाला कॅप्टन मागं वळून ओरडला, "गोपी, मेरे यार!"

खाली बसलेल्यांतून एक जण म्हणाला, "पंजाबभाऊ, थो तं गोपीच म्हनून राह्यला त्याले."

रीळ चालू असताना पंजाबराव कधी बोलत नसे. आज बोलला.

"मेलेल्याची याद येते मानसाले. धाकट्याले पाह्यलं की मोठ्याचं नाव तोंडात येते. त्याच्यात काय."

मशीन तेवढं खडखडत राहिलं. कोकिळेनं जनकाबाईकडे वळून काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, तर चांगुणेनं तिच्या हातावर हात ठेवला. पुढची सगळी रिळं गोपी उड्या मारत राहिला, नाचत राहिला, एकदा तर विमानाच्या पंखावर बसून त्यानं केळं खाल्लं, आणि दर वेळी कॅप्टननं हाक मारली की पंजाबरावाला मान खाली घालावीशी वाटली. इतक्या वर्षांत तो भोंग्यावर पहिल्यांदा खोटं बोलला होता.

जनकाबाई घरी आली तशी पडून राहिली. पंजाबराव कुशी बदलत राहिला.

सकाळी तो उठला तेव्हा ती चुलीपाशी भाकरी थापत होती. चांगुणा कोपऱ्यात सुपात तूर पाखडत होती. त्यानं चूळ भरली आणि ताटापाशी बसला. समोर आलेली भाकर त्यानं नुसतीच मोडून ठेवली.

"गोपीच्या हनवटीवर तीळ हाय," जनकाबाई वर न पाहता म्हणाली. "पहिल्या भागातबी व्हता. भावाले बी तेथंच असते काय?"

पंजाबरावानं भाकरीचा तुकडा ताटात फिरवला.

"कोकिळानं सांगलं व्हतं मले, नदीतून कसा निघाला थे. मी थेच पाहाले आलती. तुमी थे दाखोलंच नाही."

"अवं, सिनेम्यातलं काय खरं असते? मी तुह्यासाठीच..."

"मले बोलू द्या." तिनं भाकर तव्यावर टाकली आणि पाण्याचा हात फिरवला. "बाकीचं तं पाह्यलं ना मी. पुलासंगं उडाला थो पोट्टा. अन् परत आला तं आंगावर ओरखडा नाही. हसून राह्यला. केयं खाऊन राह्यला. इतकं सोसून आलेला मानूस असा असते काय? त्याले माय नाही, घर नाही, कोनाले इचारत नाही, का बाबा माह्या मांगं काय झालं." तिनं भाकर उलटली. "माहा सुखदेव आला असता तं पहिले म्हनला असता, माय, तू वाळली. थो सिनेम्यातला कोनी परत आलेला नोहे. तुमी भाऊ म्हनले थे बराबरच म्हनले."

सगळा सिनेमा पंजाबरावानं चिखलीत बसून फाडून काढला होता. मगरी, पेन, डोंगर, सगळं. हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

"रविवारी पाव्हण्यायले येऊ द्या," ती म्हणाली. "सुलतानपूरले निरोप धाडा. अन् चांगुणा, पेटी भर आता. पुन्हा उपसू नोको."

चांगुणेचं सूप थांबलं. पदरानं तोंड पुसून ती पुन्हा तूर पाखडू लागली. कचरा पुढं पडायच्या ऐवजी तिच्याच मांडीवर पडत होता.

तेवढ्यात वळणावर चिखलीच्या एसटीनं हॉर्न दिला. जनकाबाईचा हात परातीत एकदा थबकला. मग तिनं पिठाचा गोळा उचलला आणि थापायला घेतला.

दारातून येणारा उजेड कमी झाला तेव्हा तिनं मान वर केली. पंजाबराव उष्ट्या हातानं उंबऱ्यात उभा होता. गाडी समोरच्या स्टँडवर थांबली, पाच-सात माणसं उतरली, कोणी पिशवी घेऊन, कोणी पोरं घेऊन. तो एकेकाच्या तोंडाकडे पाहत होता.

"बसा," ती आतून म्हणाली. "भाकर थंडी होऊन राह्यली."

"हाव," तो म्हणाला. गाडी मेहकरच्या अंगानं निघून गेली, धूळ खाली बसली, तरी तो तिथंच उभा होता.