जैनुद्दीन मिस्त्रीचा पेचकस

मित्रांनो, मी पेचकस. तुम्ही शाळेत ज्याला स्क्रू-ड्रायव्हर म्हणता, तोच मी. जुना म्हणाल तर जुना आहेच, आणि आता कुरूपही झालोय. माझं टोक वितळून त्याचा गोळा झालाय, दांडी काळीनिळी पडलीय, मूठ खिळखिळी झालीय. मला हातात घेऊन कुणी स्क्रू पिळायला जाईल तर तो वेडा ठरेल. पण एके काळी कडेगावात माझ्याएवढा मान दुसऱ्या कुठल्या हत्याराला नव्हता. फुशारकी नाही मारत, खरं तेच सांगतोय.

माझा जन्म गुंडा लोहाराच्या भट्टीत झाला. मोडीत निघालेल्या ट्रकची ब्रेकची दांडी होती, चांगली दीड फुटाची. ती घेऊन जैनुद्दीन मिस्त्री लोहाराकडे आले. तेव्हा ते बावीस वर्षांचे होते, आणि एस.टी. स्टँडमागं चार पत्रे ठोकून त्यांनी नुकतंच गॅरेज टाकलं होतं.

"गुंडाकाका, दांडी मुठीच्या आरपार काढा. मला आवाज ऐकायचाय."

"लेका, पेचकसानं स्क्रू पिळत्यात. आवाज कसला ऐकतूस?" म्हातारा हसला. पण त्यानं तसंच केलं. बाभळीची मूठ बसवली आणि दांडीचं दुसरं टोक मुठीच्या बुडातून सुपारीएवढं बाहेर काढलं. ते टोक म्हणजेच माझं सगळं आयुष्य.

कारण मिस्त्रींची रीत अशी होती. गाडी आली की ती चालूच ठेवायची. माझं खालचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. इंजिनाच्या पोटातलं सगळं दुखणं माझ्यातून चढत त्यांच्या कानात जायचं. कुठं पिस्टनची रिंग झिजलीय, कुठं बेअरिंग कुरकुरतंय, सगळं मी त्यांना सांगायचो आणि ते ऐकायचे. अख्खं इंजिन खोलायच्या आधी आमचा निकाल लागलेला असायचा.

एकदा नाथाजी पवारांची पेट्रोलची जीप औंधच्या वाटेवर अशी खडखडायला लागली की पुढं नेता येईना. नाथाजी म्हणजे फौजेतून सुभेदार होऊन आलेले, आवाज असा की झाडावरची पाखरं उडावीत. यमाईच्या दर्शनाला घरची सगळी माणसं निघालेली. दोन गावच्या दोन मिस्त्रींनी इंजिन खोलायचं ठरवलं होतं. जैनुद्दीन मिस्त्री तिथं पोचले, मला कानाला लावलं आणि म्हणाले, "फौजी, इंजिन ठणठणीत हाय. पाण्याच्या पंपाचं बेअरिंग रडतंय." तासाभरात जीप देवीच्या डोंगराकडे निघाली. त्या दिवसापासून नाथाजींनी दुसऱ्या कुणाला आपल्या गाडीला हात लावू दिला नाही. पाटणपासूनही गाड्या यायला लागल्या. लोक म्हणायचे, कडेगावात एक कान हाय, त्याला गाडी दाखवा.

माझं दुसरंही एक काम होतं, ते आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढं त्यानंच घात केला. बॅटरीत जीव आहे की नाही ते बघायला मिस्त्री मला तिच्या दोन्ही टोकांवर क्षणभर आडवा धरायचे. चट्ट करून ठिणगी उडाली की बॅटरी जिवंत. तीस-पस्तीस वर्षांत हजारदा तरी मी ती ठिणगी खाल्ली असेल. मला मुंगी चावल्याइतकंही वाटायचं नाही.

मिस्त्रींना एकच मुलगी, रुक्सार. तिची आई झुबेदा तिला ओरडायची, "पोरीच्या जातीनं ऑइलात हात घालू नये," पण ही पोरगी शाळेतून आली की थेट गॅरेजात. मिस्त्री तिच्याही कानाला मला लावायचे. "काय ऐकू येतंय?" "अब्बा, कोणतरी दात खातंय." आणि खरंच गिअरचा दात तुटलेला असायचा. तेव्हा मिस्त्रींचं तोंड असं फुलायचं की मलाही बरं वाटायचं.

मग ती आयटीआयला गेली, वायरमनचं काम शिकली. त्यानंतर विजेवरच्या गाड्यांचं शिक्षण घेऊन कऱ्हाडला तशा गाड्यांच्या दुरुस्ती केंद्रात लागली. पहिल्या वर्षी मिस्त्री चहाच्या टपरीवर सगळ्यांना सांगत सुटले. दुसऱ्या वर्षी त्यांनी सांगणं बंद केलं. कारण तोवर त्या गाड्या आमच्याच दारावरून धावायला लागल्या होत्या.

आधी मास्तरांच्या स्कूटरी आल्या, मग रिक्षा, मग दुधाचे तीनचाकी टेंपो. ना धूर, ना आवाज, ना ऑइल बदलायचं काम. "नव्याचं नऊ दिस!" मिस्त्री म्हणायचे. नऊ दिवस सरले, नऊ महिने सरले. आमच्या दारातली जमीन तीस वर्षं ऑइल पिऊन काळी कुळकुळीत झालेली. ती पांढुरकी पडायला लागली आणि कडेनं हरळी उगवली. मिस्त्री रोज मला फडक्यानं पुसायचे आणि परत ड्रॉवरमध्ये ठेवायचे. हत्यार पुसायलाच तेवढं बाहेर निघायला लागलं की समजावं, आपले दिवस भरले.

रुक्सारनं स्वतःची विजेची स्कूटर आणली तेव्हा मिस्त्रींनी मला तिच्या मोटारीला टेकवलं, कान लावला आणि चाक फिरवायला लावलं. एक बारीक घूं, बस्स. मी तरी काय सांगणार होतो?

"हिला काय दुखतंय ते ही सांगतच न्हाई गं," मिस्त्री म्हणाले, आणि कितीतरी वेळ मूठ कानालाच धरून बसले.

रुक्सारला वडलांना शिकवायचं होतं. खोटं कशाला बोलू, पोरीनं मनापासून केलं. रविवारी खडूनं फरशीवर बॅटरीचं चित्र काढायची. "अब्बा, ह्या बॅटरीत जुनीच्या कितीतरी पट जोर असतोय, ठिणगी बघायची नसती. मीटरनं बघायचं. हातमोजे घातल्याबिगर झाकण उघडायचं न्हाई." तिनं रबरी हातमोजेही आणले, लालभडक, विजेच्या कामाचे. मिस्त्रींनी ते पिशवीसकट माझ्या शेजारी ड्रॉवरमध्ये टाकले. मी त्यांना हसलो. म्हटलं, या, बसा, जावईबापू! मित्रांनो, त्या हसण्याची मला आज लाज वाटते.

मिस्त्री काही शिकायचे नाहीत. बॅटरी ती बॅटरी, तिला घाबरायचं काय, एवढंच म्हणायचे. एका रविवारी रुक्सारचा तोल गेला.

"अब्बा, तुमच्या कानाचं आता काय बी काम राह्यलं न्हाई! कवा कळायचं तुमाला?"

खडूचं चित्र मिस्त्रींनी पायानं पुसलं आणि घरी न जेवताच झोपले. दुसऱ्या दिवशीपासून रुक्सारनं शिकवायचं बंद केलं. दोघांच्या मनात काय होतं ते मला माहीत आहे, पण एकमेकांना ते दोघंही बोलले नाहीत.

नंतर एप्रिल आला. सकाळचे अकरा वाजले असतील. नाथाजींचा टेंपो चार माणसांनी ढकलत आमच्या दारात आणला. जीप कधीच गेली होती. आता त्यांच्याकडे विजेचा तीनचाकी टेंपो होता, मागं दुधाचे बारा कॅन.

"जैनू, गड्या, एकाएकी गप झालाय बघ. कंपनीचा माणूस म्हणतूय, उद्या येतू. एवढ्या उन्हात दूध टिकतंय व्हय? तूच बघ."

किती महिन्यांनी कुणीतरी "तूच बघ" म्हणालं होतं! मिस्त्रींची मान ताठ झालेली मी ड्रॉवरच्या फटीतून बघितली. तरीही ते शहाणपणानं वागले. त्यांनी रुक्सारला फोन लावला. ती म्हणाली, "अब्बा, झाकण उघडू नका. नाथाजीकाकांना सांगा, दूध दुसऱ्या गाडीत घाला. मी साडेपाचला येती." फोन मोठ्यानं लावलेला, सगळ्यांनी ऐकलं. नाथाजीही "बरं" म्हणून दुसऱ्या टेंपोवाल्याचा नंबर शोधायला लागले.

तिथंच सगळं मिटलं असतं. पण ढकलायला आलेल्यांपैकी एक जण हसत म्हणाला, "मिस्त्री, आता लेकीला इचारूनच पाना धरायचा व्हय?"

त्याच्या मनात वाईट नव्हतं. गावात अशी थट्टा चालतेच. सगळे हसले, नाथाजीही हसले. मिस्त्री हसले नाहीत. त्यांनी ड्रॉवर ओढला. लाल हातमोजे वरच पडले होते. ते बाजूला सारून त्यांनी मला उचललं.

त्यांनी टेंपोच्या पाठीमागची पेटी खोलली, झाकण काढलं. आत जाड तांब्याच्या पट्ट्या चमकत होत्या. "फौजी, बॅटरीत जीव हाय का न्हाई तेवढं बघतू, मंग पुढचं," असं म्हणून त्यांनी मला दोन पट्ट्यांवर आडवं धरलं, हजारदा धरलं होतं तसंच.

ती ठिणगी नव्हती. डोळ्यांसमोर वीज कोसळावी तसा पांढरा लोळ उठला. माझं टोक पाण्यासारखं पातळ झालं आणि त्याचे थेंब मिस्त्रींच्या तोंडावर उडाले. मी पट्टीला चिकटून बसलो. मिस्त्रींनी मूठ सोडली नाही. काम अर्धं टाकून हत्यार सोडायची त्यांना सवयच नव्हती. नाथाजींनी त्यांना सदऱ्याला धरून मागं ओढलं. पेटीतून धूर निघाला, मग जाळ. लोकांनी वाळू टाकली, टेंपोचा मागचा भाग जळून गेला. दुधाचे कॅन रस्त्यावर लवंडले आणि त्या पांढऱ्या ओघळात मिस्त्री पडलेले. "डोळं... माझं डोळं," एवढंच म्हणत होते.

आधी कऱ्हाड, मग मिरज. दोन महिन्यांनी मिस्त्री घरी आले. उजव्या हाताची दोन बोटं आखडून गेली होती. डावा डोळा गेला होता, आणि उजव्याला फक्त उजेड आणि अंधार कळत होता. नाथाजी रोज येऊन ओट्यावर बसतात. त्यांचा तो पाखरं उडवणारा आवाज कुठं गेला कुणास ठाऊक! "मी हसलो नसतो तर," एवढं एकच वाक्य ते कितीदा बोलले असतील. मिस्त्री म्हणतात, "तुझं काय न्हाई रं त्यात. मी हात दाखवून अवलक्षण केलं."

मला रुक्सारनं राखेतून उचललं होतं. क्षणभर बघितलं, आणि घराच्या अंगणातल्या भंगाराच्या डब्यात भिरकावलं. बरोबरच केलं. ज्या हातानं मला वाढवलं त्याच हाताचा मी घात केला होता. डब्यात पडून मी तिचं रडणं ऐकलं. "मीच म्हणली, कानाचं काम न्हाई म्हणून," असं ती आईजवळ म्हणत होती. झुबेदा तिला काय समजावणार? ती स्वतःच रडत होती.

मित्रांनो, आता गंमत बघा, हिला गंमत म्हणायचं असेल तर. मिस्त्रींचे डोळे गेले, पण कान अजून तसेच आहेत. ओट्यावर बसून ते सांगतात, ही धनाजीची मोटारसायकल, ह्याचा सायलेन्सर फुटलाय. पण अशा गाड्या दिवसेंदिवस कमी होत चालल्यात. बाकीच्या नुसत्या वाऱ्यासारख्या जातात. ज्या माणसानं अख्खा तालुका कानानं ओळखला, त्याला आता दारावरून काय गेलं तेच कळत नाही.

एका संध्याकाळी मिस्त्री काठी टेकत अंगणात आले. रुक्सार कामावरून येत होती, तिची स्कूटर नेहमीसारखी मुकाट. मिस्त्री बरोबर चाकासमोर आले. तिनं ब्रेक दाबला, तरी धक्का लागला आणि ते पडले. धुळीत बसून चेहरा भलतीकडेच वळवून त्यांनी विचारलं, "कोन हाय?"

स्वतःच्या लेकीला त्यांनी असं विचारलं. रुक्सारनं त्यांना उठवलं, पाणी दिलं.

सकाळी ती भंगाराच्या डब्यापाशी आली. हात घालून मला शोधून काढलं. तारेनं मला स्कूटरच्या पोटाखाली असं टांगलं की चाक हललं की मी लोखंडी स्टँडवर आपटावं. खण्ण, खण्ण. आयुष्यभर मी दुसऱ्यांचा आवाज पोचवला. आता मीच आवाज झालो.

त्या संध्याकाळी ती वळणावर आली तेव्हाच ओट्यावरच्या मिस्त्रींनी मान वर केली. गाडी थांबेपर्यंत ते ऐकत राहिले.

"काय बांधलंयस गं गाडीला?"

रुक्सार घाबरली. ज्या हत्यारानं त्यांचे डोळे नेले त्याचं नाव तिला घेववेना. "घंटी हाय अब्बा. बाजारातनं आणली."

मिस्त्री म्हणाले, "घंटीची मूठ सैल झालीया. जरा सुतळी गुंडाळ, न्हाईतर वाटंत पडंल कुठंतरी."

रुक्सार तिथंच खाली बसली आणि त्यांच्या आखडलेल्या हातावर कपाळ टेकून रडली. मिस्त्रींनी दुसऱ्या हातानं तिचं डोकं थोपटलं.

मित्रांनो, नव्या गाड्यांशी माझं वैर नाही. त्या येणारच, आणि धूर कमी झाला तर तुमचंच भलं आहे. माझं मागणं एवढंच. तुमच्याही घरात किंवा गल्लीत एखादा जुना हात असेल, एखादा जुना कान असेल. त्याला नवं शिकवा, पण तुझं काम संपलं असं त्याच्या तोंडावर म्हणू नका. तो शिकताना त्याला हसू नका. आणि तुम्ही स्वतः त्या जागी आलात, तर लेकराकडून शिकायला लाजू नका. ती लाज फार महाग पडते.

माझ्या मुठीवर आता सुतळीचे सात वेढे आहेत. ते लाल हातमोजे अजून त्या ड्रॉवरमध्येच पडून आहेत. त्यांची पिशवीसुद्धा कुणी फोडलेली नाही.